तांदळात लिहिलेलं नाव

त्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात कुटुंबाचं झाड शिकवणं चालू होतं. प्राचीबाईंनी फळ्यावर भलं मोठं झाड काढलं. मुळाशी आजी-आजोबा, फांदीवर आई-वडील आणि शेंड्याला आपण. पोरं खूश. पाढे नाहीत, शुद्धलेखन नाही, नुसतं रंगवायचं आणि नावं लिहायची! न्हावऱ्याच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातली ही दोन खोल्यांची शाळा त्या दिवशी नुसती किलबिलत होती.

अंकितानं हात वर केला. "बाई, आई दोन असल्या तर दुसरी फांदी कुठं काढायची?"

पोरं फिसकन हसली. प्राचीबाई जूनमध्येच बदलून आलेल्या. त्यांनी रजिस्टर उघडलं. आईचं नाव, अनुपमा. "आई एकच असते, बाळा. घरी दाखव आणि मोठ्यांकडून बरोबर करून आण."

बाई मनानं चांगल्या, पण इथं चुकल्या त्या चुकल्याच. पोरीनं खरं विचारलं होतं आणि बाईंनी रजिस्टरवर विश्वास ठेवला.

खरं काय ते ऐका. अंकिताची आई अनुपमा, निमोण्याची. दुसरं बाळ पोटातच गेलं, पुन्हा मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याच महिन्यात नवनाथनं तिला माहेरी नेऊन सोडलं. काडीमोड नाही, काही नाही. अंकिता तेव्हा पाच वर्षांची होती. तिला मात्र ठेवून घेतली. मग नवनाथनं दौंडची राजनंदिनी केली, वय एकोणीस. लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, ही आपल्याकडची हौसेची रीत. नवनाथनं लिहिलं, 'अनुपमा'.

त्याची आई सोजराबाई, ही अक्कल तिची. "रेशनकार्डावर हाय, मतदार यादीत हाय, शाळंत हाय. कशाला हापिसात चकरा मारायच्या? आन् उद्या कुणी इचारलं तर बायको एकच!" मांडवात दोनशे माणसं होती. "डोकं लावलं राव!" म्हणत हसली आणि जिलेबीवर तुटून पडली.

संध्याकाळी अंकितानं झाड आजीपुढं धरलं. फांदीवर दोन बायका, एक हिरव्या लुगड्यातली, एक पिवळ्या. दोघींखाली एकच नाव.

"ही हिरवी कोन?"

"माझी आई."

"खोड ती."

अंकितानं नाही म्हणून मान हलवली. सोजराबाईनं तिच्या हातात रबर कोंबलं आणि मनगट धरून घासायला लावलं. कागदाला भोक पडेस्तोवर.

"आता नीट ऐक. शाळंत कुणी इचारलं तर घरात हाय ती आई. न्हाई म्हणलीस तर निमोण्यावालीला पोलीस धरून न्हेतील, तुझ्यामुळं. मग लाडू कोन देतंय बघू."

म्हातारीला लाडवाचंही कळलं होतं तर! दर शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत अनुपमा एसटीनं यायची आणि कुंपणापलीकडून लेकीला शेंगदाण्याचा लाडू द्यायची. आठवड्यातली तेवढी दहा मिनिटं त्या दोघींची होती. राजनंदिनी ओट्याशी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं.

शुक्रवारी पालकांना झाडं बघायला बोलावलं होतं. नवनाथ कंपनीतून अर्धी सुट्टी काढून बायकोला, आईला घेऊन आला. राजनंदिनीनं पालकांच्या सह्यांच्या वहीत सही केली, 'अनुपमा'. तेवढ्यात खरी अनुपमा दारात आली.

"तू कुठं आत घुसती?" नवनाथ गुरगुरला.

"पोरीचं चित्र बघाया आले." मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "मी अंकिताची आई, अनुपमा."

बाईंनी वहीतली सही पाहिली. नवनाथ हसला. "येडी हाय ती, बाई. पोरीलाच इचारा की."

अंकितानं आईकडं पाहिलं, आईच्या हातातल्या पुडीकडं पाहिलं. मग राजनंदिनीकडं बोट केलं.

"आई ही."

"आन् ती कोन गं?" सोजराबाईनं मुद्दाम विचारलं.

"वळखत न्हाई मी."

अनुपमाचं तोंड उतरलं. तिनं लाडवाची पुडी बाकावर ठेवली आणि निघाली. ती पायरी उतरली आणि पोर किंचाळली, "आता पोलीस तिला न्हेणार न्हाई ना? मी पुसलंय तिचं नाव, आज्जी, मी पुसलंय!"

बाईंनी तिच्या हातातला कागद घेतला. फांदीच्या जागी भोक. त्या भोकातून बाईंचं स्वतःचं बोट दिसत होतं. शरमेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई," राजनंदिनी उठून उभी राहिली. "मी राजनंदिनी हाय, दौंडची. ती सही खोटी हाय. ह्या पोरीची आई ती, मी न्हाई."

सोजराबाईनं तिच्या थोबाडीत दिली. नवनाथनं एका हातानं बायकोला आणि दुसऱ्या हातानं पोरीला फरफटत बाहेर नेलं. वर्गात वीसेक आई-बाप बसले होते. बाई एकट्या मागं धावल्या. बाकी कुणी जागचं हललं नाही.

रविवारी राजनंदिनीला दौंडला बापाच्या दारात सोडून आले. सोमवारी नवनाथ अंकिताचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. सोजराबाईनं तिसऱ्या सुनेची चौकशी सुरूही केलीय. "पोरगी कशी बी आसू द्या, नाव तेच ठिवायचं."

दाखल्यावर प्राचीबाई अडून बसल्या. आईला विचारल्याशिवाय पोर कुठं जाणार नाही, खऱ्या आईला. मग भोक पडलेला कागद आणि ती सह्यांची वही घेऊन त्या अनुपमाबरोबर शिरूरला पोलिसांत तक्रार द्यायला गेल्या. राजनंदिनीही आली, गालावर वळ घेऊन. पुढच्या अनुपमाचं तांदळाचं ताट मी मांडू देणार नाही, बाईंनी त्या दोघींना सांगितलंय.

आता त्यांना साक्षीला एक माणूस हवाय. नवनाथनं ताटात कुठलं नाव लिहिलं, ते डोळ्यांनी बघितलेलं एक माणूस. बाई वस्तीवर घरोघरी जाऊन आल्या. मांडवात दोनशे जण होते. आता म्हणतात, आम्ही जेवायच्या पंगतीत होतो.