मागच्या सीटवरची ओल

राजारामपुरीत आमचं सीटकव्हरचं दुकान आहे. पाटीवर नाव अजून अब्बांचंच, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून शिलाई मशीनवर मी बसते. गेल्या फेब्रुवारीत सम्राट नावाचा एक माणूस पांढरी गाडी घेऊन आमच्याकडं आला. चाळिशीचा, अंगानं दांडगा, बोलणं मात्र अगदी हळू. कोल्हापुरात हळू बोलणारा माणूस भेटला की आम्ही आधी त्याची तब्येत विचारतो.

"बसा पावणं," अब्बा म्हणाले. "बरं न्हाय का?"

"बरा हाय की चाचा. गाडी साफ करायची हाय."

"वॉशिंग सेंटर पुढल्या गल्लीत हाय."

"तसली न्हाय."

त्यानं खिशातून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. तो बायकोला घेऊन न्यूझीलंडला कायमचा निघाला होता. बायकोला, क्रांतीला, तिथल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. गाडी बोटीनं पाठवायची होती, मुंबईच्या बंदरातून, कंटेनरमध्ये बंद करून. आणि त्या देशाचा नियम असा की गाडीत आपल्याकडच्या मातीचा कण चालत नाही. बी नाही, किडा नाही, वाळकं पान नाही. सापडलं तर गाडी तिथल्या बंदरातच अडवून ठेवतात, नाहीतर परत पाठवतात.

"सीटा काढायच्या, मॅट उचलायचं, पट्ट्या खोलायच्या," तो म्हणाला. "सगळं साफ पाहिजे."

मी विचारलं, "इथं विकून तिथं दुसरी का घेत नाही? स्वस्त नाही का पडणार?"

"क्रांती पण तेच म्हणते," तो म्हणाला. आणि किल्ली माझ्यापुढं ठेवली.

पहिल्या दिवशी मी सगळ्या सीटा बाहेर काढल्या. मॅट उचललं तर खाली गाळ. साधी धूळ नव्हती ती. करड्या रंगाचा, बोटाला चिकटणारा नदीचा गाळ. शिरोळकडच्या गाड्यांत असला गाळ मी खूप पाहिलाय. दोन हजार एकोणीसच्या पुरानंतर वर्षभर आमच्याकडं तेच काम होतं. पण सहा वर्षांचा गाळ वाळून दगड व्हायला पाहिजे. हा ओला होता.

पुसला, व्हॅक्यूम मारला, ब्रशनं कोपरे घासले. सीटांची कव्हरं उतरवली आणि आतला फोम दुकानापुढच्या कट्ट्यावर उन्हात टाकला. फेब्रुवारीचं ऊन असं, की कट्ट्यावर उभं राहवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळं खडखडीत वाळलं. मागच्या बाजूची डावी जागा तेवढी ओली राहिली. एक माणूस बसावं एवढीच, ना कमी ना जास्त.

मला वाटलं, खालून पाणी मुरलं असेल. दुसऱ्या दिवशी फोम उलटा टाकला. तिसऱ्या दिवशी तेवढा तुकडा कापून नवा फोम चिकटवला. चौथ्या दिवशी दुपारी हात लावला तर नवा फोम ओला. आणि मॅटखाली, त्या जागेच्या बरोबर पायाशी, परत गाळ.

मी अब्बांना हाक मारली. त्यांना दिसत कमी, पण चाळीस वर्षं कापड आणि फोम हाताळलेला माणूस. त्यांनी तळवा ठेवला, मग नाकाशी नेला.

"पंचगंगा न्हाय ही," ते म्हणाले. "कृष्णा हाय. आन् हितं माणूस बसलंय."

त्यांनी हे इतकं साधं सांगितलं की मला आधी भीती वाटलीच नाही. ती नंतर वाटली, सीट परत आत ठेवताना. मी वाकून बोल्ट आवळत होते आणि खांद्याला गार लागलं, ओलं लुगडं घासून जावं तसं. पाना तिथंच टाकून मी बाहेर आले आणि कट्ट्यावर बसून राहिले. त्यानंतर त्या गाडीत एकटीनं बसायचं मी टाळलं.

पाचव्या दिवशी गाडी बोटीनं पाठवणाऱ्या एजंटचा माणूस बघायला आला. त्यानं बॅटरी मारली, मोबाइलवर फोटो काढले, बोटानं गाळ उचलून सम्राटला दाखवला. "असली गाडी कंटेनरमध्ये चढवणार नाही," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत मुदत. नाहीतर बुकिंग रद्द."

सम्राटला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, तर त्याला सुटल्यासारखं झालेलं. एजंटचा माणूस गेल्यावर तो मला म्हणाला, "ताई, अगदीच साफ करू नका. म्हणजे, त्यांना दिसणार न्हाय एवढंच करा."

"म्हणजे?"

"तेवढं राहू दे. मागचं."

अब्बा स्टुलावर बसले होते. त्यांनी त्याला हातानं जवळ बोलावलं. "कोण हाय मागं बसलेलं?" त्यांनी विचारलं.

 सम्राट अब्बांच्या पायाशी, फोमच्या चिंध्यांतच बसला आणि बोलू लागला.

त्याचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीच्या काठाला. शेजारी बनाबाई राहायची. विधवा, एकटी. लहानपणी सम्राटची आई रानात गेली की हा बनाबाईच्याच घरात जेवायचा. काकी म्हणायचा तिला. तिची एकुलती एक मुलगी, आक्का, लग्न होऊन पेठ वडगावला.

"पूर आला तवा माझ्याकडंच गाडी हुती," तो म्हणाला. "आई-बाबांना आदल्या दिवशी गावाबाहेर सोडलं. दुसऱ्या दिवशी सामान न्यायला आलतो. रस्त्यावर गुडघाभर पाणी हुतं, पण गाडी निघत हुती. काकी दारात उभी. म्हणली, मला लेकीकडं सोड. मागं डाव्या बाजूला बसली. लुगडं कमरेपत्तूर भिजलेलं. मांडीवर गाठोडं."

त्यानं फोमची एक चिंधी उचलून बोटाला गुंडाळली. 

"मग मी टीव्ही आणला. नवाच घेतलेला, मोठा. तो डिकीत मावंना. मागच्या सीटवर आडवाच घालावा लागत हुता. मी म्हणलं, काकी, तुम्ही उतरा. पुढच्या खेपेला न्हेतो. तासाभरात येतो. ती काय बोलली न्हाय. उतरली. पाण्यात उभी राहून तिनंच मला दार लावून दिलं."

"आन् मग?"

"परत आलो तर रस्ता गेलता. पोलीस सोडंनात. होडी तिसऱ्या दिवशी गेली गावात."

कट्ट्यापुढून एक शाळेची रिक्षा गेली, पोरांचा गलका झाला आणि विरला. मी विचारायला नको होतं, तरी विचारलं, "आणि टीव्ही?"

"चालूच झाला न्हाय."

बनाबाई पाण्यानं गेली एवढं गावाला ठाऊक होतं. ती आधी गाडीत बसली होती आणि तिला उतरवलं, हे कुणालाच नाही. क्रांतीलाही नाही. त्यांचं लग्न पुरानंतर झालं. पूर ओसरून महिना झाल्यावर सम्राटला मागच्या सीटवर ओल दिसली. मग आरशात ती दिसू लागली. रोज नाही. पाऊस असला की, किंवा गाडीत तो एकटा असला की. नुसती बसलेली असते, म्हणाला. बाहेर बघत.

"मी तिला एकदा मागं ठेवून गेलोय," तो म्हणाला. "आता परदेशी जाताना परत ठेवून कसा जाऊ? म्हणून गाडी न्यायची हाय."

 अब्बांनी व्यवहारातला प्रश्न विचारावा तसं विचारलं, "तिला न्यूझीलंडला जायचं हुतं का?"

सम्राटनं मान वर केली.

"तिनं तुला कुठं सोड म्हणलंतं?"

"वडगावला."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेठ वडगावला निघालो. सम्राटला एकट्यानं जायचं धाडस होईना आणि अब्बांना डोळ्यांचा त्रास, म्हणून पुढच्या सीटवर मी बसले. मागं कुणी नव्हतं. सबंध रस्ताभर आम्ही दोघंही आरशात बघायचं टाळत होतो. टोपच्या पुढं सम्राटनं एकदा ब्रेक हलका दाबून खड्डा चुकवला, मागं म्हातारं माणूस असलं की चुकवतात तसा. काचा बंद होत्या आणि गाडीत गढूळ पाण्याचा वास भरला होता.

आक्काची पिठाची गिरण बाजारपेठेच्या मागं आहे. डबे ओळीनं लावलेले, पट्टा फिरत होता. आक्का पन्नाशीच्या पुढची, भुवयांवर पीठ. तिनं सम्राटला बघितलं आणि काही न विचारता गिरण बंद केली. आवाज थांबल्यावर सगळं फार मोकळं वाटायला लागलं.

"आलास," ती म्हणाली.

सम्राटनं उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून सगळं सांगितलं. टीव्हीचंसुद्धा. मला वाटलं होतं तो तेवढं गाळेल. त्यानं गाळलं नाही.

आक्का ऐकत होती.  "तिनं मला फोन केलता," ती म्हणाली. "तीनदा. म्हणली, सम्राट येतोय न्यायला, मी दारातच हाय. दुसऱ्यांदा म्हणली, माळ्यावर हाय पण गाडी दिसंल मला हितनं. तिसऱ्यांदाबी तेच म्हणली. मग बॅटरी गेली." तिनं पदरानं हात पुसायला घेतले आणि तसेच सोडून दिले. "तुझी वाट मीबी बघितली. सहा वर्सं. येऊन सांगशील म्हणून. पर ती गाडीत बसलीती, हे मला ठाव नव्हतं."

"व्हय. बसलीती."

"टीव्हीसाठी उतरवलीस."

"व्हय."

ती आमच्यापुढून गाडीकडं गेली. मागचं डावं दार उघडलं आणि सीटवर तळवा टेकला. उचलला तेव्हा तिथं पिठाचा पंजा उमटला होता आणि बघता बघता भिजून त्याची कणीक झाली. आक्का त्या पंजाकडं बघत राहिली. मग दार पूर्ण उघडं धरून बाजूला सरकली.

"आई, उतर," ती म्हणाली. "घर आलं."

तिचा आवाज रोजची हाक मारावी तसा होता. समोरच्या दुकानातला माणूस बघत होता, एक बाई डबा घेऊन थांबली होती. आक्का दार धरून उभी राहिली. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला गाठोडं सावरत गाडीतून उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. तेवढ्यात गाडी मागच्या चाकावर किंचित वर उचलली गेली, बसलेलं माणूस उतरल्यावर उचलते तशी.

आक्कानं दार लावलं.

"मी तुला माफ करणार न्हाय," ती सम्राटला म्हणाली. "पर आलास ते बरं केलंस. जा आता. परत येऊ नगंस."

आम्ही निघालो तेव्हा गिरण पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. हायवेला लागल्यावर मी मागं हात लांब करून सीट चाचपली. कोरडी. कणकेचा पंजा वाळून कडक झाला होता, बोट लावलं की पापुद्रा निघत होता. वासही नव्हता. मी सम्राटला सांगितलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्यानं गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडला. "आता मागं कोण न्हाय," एवढंच म्हणत राहिला.

सोमवारी एजंटचा माणूस आला. पट्ट्या उचलून बघितल्या, बॅटरी मारली. कण सापडला नाही. गाडी मुंबईला गेली, बोटीवर चढली आणि मार्चमध्ये सम्राट आणि क्रांतीही गेले. जायच्या आधी तो अब्बांच्या पाया पडायला आला होता. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणाला. अब्बांनी ते एप्रिलमध्ये करून घेतलं.

जुलैत एका दुपारी क्रांतीचा फोन आला. गाडी पोचली, तिथल्या तपासणीत पासही झाली, असं तिनं सांगितलं. मी माझं काम वाखाणलं जाईल म्हणून थांबले. पण तिला दुसरंच काही बोलायचं होतं.

"शबनूरताई, इथं सारखा पाऊस असतो," ती म्हणाली. "बसस्टॉपवर कुणी भिजत उभं असलं की हे गाडी थांबवतात. बसा म्हणतात. लोक बिचकतात. ते मी समजू शकते. पण आता हे कुणी उभं नसलं तरी थांबवतात. उतरून मागचं दार उघडतात, जरा वेळ धरून ठेवतात, मग बंद करतात आणि निघतात. काल दोन वेळा केलं. मी विचारलं तर म्हणतात, काही नाही." तिनं आवाज खाली आणला. "वडगावला काय झालं होतं? तुम्ही सोबत होतात ना?"

मी मशीनवरचं चाक हातानं धरून थांबवलं. अब्बा समोर बसून नव्या डोळ्यांनी पेपर वाचत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको, अशी.

"मी फक्त सोबतीला गेलते," मी म्हणाले. "सांगायचं ते तेच सांगतील. सांगतील तेव्हा मध्ये बोलू नका. पूर्ण ऐकून घ्या."

 फोनमध्ये तिथल्या पावसाचा आवाज येत होता. मग कुणीतरी लांबून तिला हाक मारली, ती "आले" म्हणाली आणि फोन बंद झाला.