एकतीस जून

सकाळी पाच ते आठ या वेळात आचलला कोणी हाक मारलेली खपत नसे. अमरावतीतल्या भाड्याच्या खोलीत, कामावर जाण्याआधीचे हे तीन तास ती एका ब्राउझर इंजिनाला देत होती. फुकट. नऊ वाजता ती दुकानदारांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीत जाई आणि तिथे पगार मिळे. पण त्या कामाबद्दल कोणी विचारलं तर दोन वाक्यांत आटपायची, आणि इंजिनाबद्दल विचारलं तर समोरच्याचा चहा थंड करायची. दर्यापुरात भाजीची वाडी सांभाळणारी तिची आई म्हणे, "लष्कराच्या भाकरी भाजून राहिली पोरगी." आईचं काही चुकत नव्हतं.

इंजिन म्हणजे ब्राउझरचा तो भाग, जो इंटरनेटवरचं पान वाचतो आणि पडद्यावर मांडतो. मोठ्या कंपन्यांची अशी दोन-तीन इंजिनं आहेत आणि सगळं जग त्यांच्यावर चालतं. हे मात्र देशोदेशीच्या चाळीसेक हौशी माणसांनी मिळून बांधायला घेतलेलं. नाव लॅपविंग, म्हणजे आपली टिटवी. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर तोलून धरता यावं म्हणून. या चाळीस जणांचंही तसंच होतं, आणि ते कोणी त्यांना तोंडावर सांगत नव्हतं इतकंच.

सगळ्या इंजिनांनी पान एकसारखं वाचावं म्हणून नियमांची एक जाडजूड पोथी असते. त्या पोथीवरून हजारो चाचण्या तयार केलेल्या, आणि कोणतं इंजिन किती चाचण्या पास झालं तो आकडा जगजाहीर. लॅपविंगवाल्यांचा जीव त्या आकड्यात. एक चाचणी जास्त पास झाली की पोरगं पहिलं आल्यासारखे एकमेकांना अभिनंदन पाठवत.

फेब्रुवारीत आचलला एक चूक सापडली. तारखांची. लॅपविंगला 'एकतीस जून' अशी तारीख दिली तर ते मुकाट एक जुलै समजून पुढे जाई. पोथीत स्पष्ट लिहिलेलं, की अशी तारीख तारीखच नव्हे. उत्तर द्यावं NaN, म्हणजे 'ही संख्या नाही'. आचलने अकरा ओळी लिहिल्या आणि तपासायला पाठवल्या.

तपासणारा नॉर्वेतला एक जुना, जाणता माणूस. त्याने एकच विचारलं, "याने कुठली चालू साईट मोडेल का?" आचलने रीतसर शोध घेतला. जगभरच्या लाखो पानांचा एक साठा असतो, तो तिने चाळला. एकही साईट सापडली नाही. आता लॉगिन करून आत गेल्यावर जे फॉर्म लागतात ते त्या साठ्यात कधी येतच नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक आहे. तिने ठसक्यात लिहिलं, "मोडली तर ती साईट मुळातच चुकीची होती. चुकीची तारीख चालवून घेणं ही दया नाही, ढिलाई आहे."

या वाक्याला चौदा जणांनी पसंतीचे अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी बदल इंजिनात गेला आणि आकडा सहाने वाढला. आचलने त्या सकाळी रस्त्यावरच्या गाडीवर दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माणूसच नव्हतं.

तिची आत्या वच्छला बार्शीटाकळीला दिलेली. तिथे एका संस्थेच्या वसतिगृहात ती चौदा वर्षं स्वयंपाक करत होती, रोजंदारीवर. संस्थेचं नाव कशाला घ्या, अशा संस्था सगळ्या एकाच मातीच्या. दीडशे पोरांना वरण-भात घालून तिच्या हाताला घट्टे पडले होते आणि परमनंटच्या यादीत तिचं नाव कधीच लागलं नव्हतं. अकरा वर्षांनी यंदा जागा निघाल्या. स्वयंपाकीण, एक जागा, अर्ज ऑनलाइन. वयाची अट पंचेचाळीस, आणि आत्या चाळिशी ओलांडून बसलेली. यंदा नाही तर कधीच नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अर्ज तिने बंडूच्या केंद्रात भरला. बंडू तिच्या चुलत दिराचा मुलगा, बार्शीटाकळीच्या स्टँडजवळ अर्ज भरून देण्याचं दुकान टाकून बसलेला. त्याचे दोन्ही कॉम्प्युटर इतके जुने की मोठी ब्राउझरं त्यांच्यावर धापा टाकत. गेल्या दिवाळीत आचलनेच त्यांच्यावर लॅपविंग टाकून दिलं होतं. हलकं, फुकट, आणि नवे बदल आपोआप घेणारं. बंडू येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगे, "आपल्या घरच्या पोरीनं बनोलं हे." आचल लटक्या रागाने म्हणायची, एकटीनं नाही रे. मनातून तिला ते आवडायचं.

मे महिन्यात अकोल्याला कागदपत्रांची तपासणी होती. आत्या एकटी जायला बिचकत होती म्हणून आचलने सुट्टी टाकली आणि सकाळच्या गाडीने अकोला गाठलं. आत्याने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं आणि कागदांची पिशवी छातीशी धरली होती. संस्थेच्या कार्यालयात पंखा होता, पण तो साहेबांच्या डोक्यावर. बाया व्हरांड्यात पदराने वारा घेत उभ्या होत्या. दीड तासाने आत्याचा नंबर आला.

कारकुनाने अर्ज आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवला आणि दोन्हींवर एकेक बोट टेकवलं.

"बाई, अर्जावर तीस जून अन दाखल्यावर एकतीस. खरी कोनती?"

"एकतीस," आत्या म्हणाली.

"जूनले एकतीस तारीख नसते."

"मले काय माहीत नाई का? महादेवराव मास्तरनं लिवली थे. वाडीतल्या समद्या पोरायच्या तारखा मास्तरनंच अंदाजानं लिवल्या."

"मंग अर्जावर तीस काहून टाकली?"

"एकतीस घेतच नोतं ना बाप्पा! मांगच्या साली इम्याचा फार्म भरला तवा गुमान घेतली होती. यंदा बंडू म्हने, काकू, वयाच्या डब्यात नान येऊन राहिलं. मी म्हनलं, नान कोनं मांगतलं रे बावा, आपल्याले वय पायजे."

रांगेतल्या बाया खो-खो हसल्या. कारकूनही हसला. आत्याला वाटलं, माणूस हसला म्हणजे काम झालं, तीही हसली. आचल मात्र हसली नाही. डब्यात आलेलं ते NaN होतं, हे त्या व्हरांड्यात तिला एकटीलाच कळलं होतं. ती तीन अक्षरं तिनेच आणली होती.

"मंग बंडूनं तीस करून पायली," आत्या पुढे सांगत होती. "तवा घेतलं. शेवटचा दिवस होता, मांगं लोकं ओरडून राहिले होते."

"तारखेत फरक असला तं अर्ज बाद," कारकून म्हणाला. हसू अजून त्याच्या तोंडावरून पुरतं गेलं नव्हतं.

आचल पुढे झाली. "अहो, चूक मशीनची आहे. दाखल्यावरची तारीख मशीनने घेतली नाही."

"ताई, मशीननं बरोबरच केलं. तारीखच नाही तं घेईन कशी?"

"मग आता दाखल्यावर आहे तशी अर्जावर करून घ्या. हाताने."

"लॉक झाला अर्ज. आन आधारवर तं नुसतं सालच हाय, त्याचा काई उपेग नाई." त्याने दाखला परत दिला. "आमाले खरी-खोटी काई करा लागत नाई, ताई. चुकीची असली तरी चालते, पन दोन्हीकडं सारखी पायजे."

आचलने दाखला घडी करून पिशवीत ठेवला. इंजिनं बांधणाऱ्यांचा सगळा शहाणपणा या माणसाने पानाने रंगलेल्या तोंडाने एका वाक्यात सांगितला होता. बरोबर असण्यापेक्षा सगळीकडे सारखं असणं मोठं. मोठ्या इंजिनांनी एकतीस जून चालवून घेतला होता, त्यांच्या भरवशावर कोणीतरी हा फॉर्म बनवला होता, आणि हिने एकटीनेच सोवळं पाळायचं ठरवलं होतं. कोणासाठी? सहा गुणांसाठी.

परतीच्या वाटेवर स्टँडवर आत्याने उसाचा रस पाजला. रस पिताना ती मास्तरला शिव्या देत होती. "मेला गेला बिचारा, पन माहं वाटोळं करून गेला." ज्या मास्तरच्या पायावर पोरं घालावीत असं ती जन्मभर सांगत आली, त्याच मास्तरला. आचलने ग्लास संपवला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. इथे तिची चूक अकरा ओळींची नव्हती, खरं लपवण्याची होती, आणि ती पोथीवर ढकलण्यासारखीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने लॅपविंगच्या तक्रारवहीत सगळं लिहिलं. फॉर्म, केंद्र, तारीख, एका बाईची गेलेली नोकरी. बदल मागे घ्यावा अशी विनंती केली. दोन दिवसांनी उत्तर आलं. नॉर्वेवाल्याने सहानुभूती कळवली होती आणि विचारलं होतं, अशा आणखी किती साईट आहेत? आकडेवारी आहे का? खाली एका पोराने, आचलला तो कॅनडातला आहे एवढंच ठाऊक होतं, तिचंच वाक्य उचलून डकवलं होतं. "चुकीची तारीख चालवून घेणं ही दया नाही, ढिलाई आहे." त्याला अठरा अंगठे. तक्रार बंद. शेरा, 'नियमाप्रमाणे चालू आहे'.

भांडावं तर कोणाशी? तिने स्वतःशीच भांडून पाहिलं, तिथेही ती हरली.

ऑगस्टमध्ये युरोपातली सुट्टीची घरं भाड्याने देणारी एक साईट लॅपविंगवर मोडली. त्यांच्या कॅलेंडरात महिन्याच्या शेवटी दिवस मोजताना एकतीस जून, एकतीस सप्टेंबर अशा तारखा तयार होत, आणि घर मिळेना. एका दिवसात साठ तक्रारी आल्या. चौथ्या दिवशी ठरलं, की पोथी काही म्हणो, मोठी इंजिनं सूट देतात तर आपणही द्यावी. लोकांची सुट्टी बिघडायला नको. कॅनडाच्या त्याच पोराने आचलच्या अकरा ओळी काढून टाकल्या आणि सौजन्याने लिहिलं, "मूळ बदल तुझा, तेव्हा मान्यताही तूच दे."

आत्याची चौदा वर्षं एका पारड्यात आणि समुद्रकाठची खोली दुसऱ्यात, आणि खोली जड भरली. आचलला रडू नाही आलं, संताप आला, आणि तो संताप काढायला जगात जागा नव्हती. तिने मान्यतेचं बटण दाबलं. आकडा सहाने उतरला. एवढा जीव त्या आकड्यात होता म्हणे. कोणी हुं की चूं केलं नाही.

रविवारी ती बार्शीटाकळीला गेली. आत्या वसतिगृहाच्या मागच्या ओट्यावर अंबाडी निवडत बसली होती. आत चुलीपाशी खुशी नावाची एक नवी पोरगी होती. यादीत लागलेली ती हीच. आत्या अजून रोजंदारीवर, खुशीच्या हाताखाली.

"आत्या, मास्तरले शिव्या नोको देऊ," आचल म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. इंजिन, पोथी, अकरा ओळी. अंबाडीची पानं एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला पडत राहिले.

"म्हंजे थे नान तुहं होतं," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"एकतीस जून नसते, हे मास्तरले ठाव नसन का? माय त्याले म्हने, जून सरला होता अन जुलै लागला नोता, अशी मधातच झाली माही पोरगी. मास्तरनं तेच लिवलं." आत्याने जुडी खाली ठेवली. "त्यानं चुकीचं लिवलं अन मले शाळेत घेतलं. तू बरोबर लिवलं अन मले बाहीर काढलं."

आचल घाईने म्हणाली, "आता बदललं आत्या. सुधारलं मी. आता एकतीस जून चालते."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"कोनाले?" तिने विचारलं.

आतून खुशीने विचारलं, काकू, दीडशे पोरांच्या वरणात मीठ किती टाकू. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सांगायला आत गेली.