म्हशीच्या मानेएवढी हिरवळ

बहिणीची, रुक्माबाईची चिठ्ठी कडोलीच्या तम्मण्णांनी पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवली होती. ‘अण्णा, बुवानं कुंपण घालून दोन वर्सं माळ गुरांना बंद केलाय. गवत मेलं तर म्हणतो, खुरांचा बाट अजून गेला न्हाय, म्हशी विका. विकू काय?’ तम्मण्णांचा जन्म वाचनालयात गेलेला. गुरा-माळातलं आपण कोण सांगणार, म्हणून त्यांनी उत्तर टाळलं. शेवटी राहवेना, तेव्हा निपाणीजवळ तिच्या गावी आले. दोनांतली एक म्हैस बाजारात गेली होती.

बुवाचा चमत्कार बघायला माळावर जत्रा उसळली होती. कुंपणाआड न चरलेलं, न पेटवलेलं गवत करडं, मेलेलं उभं. मधोमध मात्र हिरवंगार वर्तुळ.

“बघा, बाळांनो!” अंगारेबुवा गरजला. “वळीव सगळीकडं पडला, पण हिरवं कुठं झालं? माझा अंगारा पडला तिथंच! गुरं विका, माळ मठाला द्या, सगळा असा करतो!”

“व्हय म्हाराज!” गर्दीतल्या भरमू धनगरानं कान धरले. “शेरडं उद्याच विकतो.”

तम्मण्णा गर्दीतून पुढे आले. बहिणीची अर्धी रिकामी दावण डोळ्यांपुढून हलेना. ते वर्तुळात शिरले, गवताचा ठोंब फाकवला. बुडखे काळे ठिक्कर.

“अंगाऱ्याआधी इथं काडी लावलीस, बुवा.”

“ती देवीची ज्वाळा!”

“आणि ही?” तम्मण्णांनी कुंपणाच्या तारेलगतची हिरवी पट्टी दाखवली. “इथं कुणी अंगारा टाकला?”

रुक्माबाई ओशाळली. “तिथं माझी म्हस तारंवरनं मान घालून खाती. लई हावरी.”

“मान पोचली तिथवर हिरवं!” तम्मण्णांचा आवाज चढला. “मुळं जिवंतच आहेत. वरचं वाळकं ऊन अडवतं. चरलं, बेतानं जाळलं, की कोंब फुटतो. आपले बाप उगाच तुकड्या-तुकड्यानं माळ पेटवत होते? खुरानं माळ बाटत नाही, जगतो. मारला तो या कुंपणानं! आणि तुम्ही दुभती जनावरं विकलीत, या लबाडाच्या चिमूटभर राखेपायी!”

“म्हंजी म्हसच खरी बुवा की रं!” भरमू ओरडला. हशा पिकला. बुवा झोळी शोधू लागला.

रुक्माबाई हसली नाही. “हे चिठ्ठीत लिवलं असतंस तर माझी चंद्री म्हस गेली नसती, अण्णा. आता तरी लिव. दाराला चिकटवते. बुवा काय ह्यो एकच हाय?”

कडोलीला परतताच तम्मण्णांनी कार्ड लिहिलं: ‘रुक्मे, म्हैस विकू नकोस. कुणी चमत्कार दाखवला, तर तो सोडून शेजारची जागा आधी बघ. विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नकोस.’

टपालपेटीत कार्ड पडल्याचा आवाज आला, तेव्हाच ते तिथून हलले.