मेंढीची शेपटी आणि मागचं डावं चाक

डोलोन खिंडीच्या चढावर आमची मॉस्कविच पुन्हा एकदा दमून थांबली, तेव्हा मी खाली उतरले आणि मागच्या डाव्या चाकावर थुंकले. चुर्र झालं.

"जेंगे, नवरदेवाच्या गाडीवर थुंकतेस?" मिर्झा म्हणाला.

"नवरदेव अजून झालेला नाहीस. जॅक काढ."

मिर्झा माझा दीर. त्याचं खरं नाव मी घेणार नाही. आम्हा किर्गिझांत सून सासरच्या पुरुषांची नावं घेत नाही, आपली टोपणनावं ठेवते. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शेंबडा माझ्या बाहीला नाक पुसायचा, म्हणून चेष्टेनं त्याला मिर्झा, म्हणजे सरदारसाहेब, म्हटलं, आणि तेच राहिलं. आता तो साठीचा विधुर आहे. त्याच्यासाठी मागणी घालायला जाणं हे जेंगेचं, म्हणजे थोरल्या भावजयीचं काम.

मागणी घालायची होती नारिनच्या सैकालला. गेल्या उन्हाळ्यात सोंग-कोलच्या कुरणावर तिचा तंबू आमच्या शेजारी होता. तिचा घोडीच्या दुधाचा कुमिस नीट आंबलाय की नाही ते बघायला हा एवढ्या वेळा जायचा की तिच्या घोड्यासुद्धा त्याला ओळखायला लागल्या. आणि काल निरोप आला, की तिचा मुलगा मेलिस आज दुपारी तिला कायमची बिश्केकला नेतोय, पाचव्या मजल्यावर. आज गाठलं नाही तर संपलंच. मिर्झा रात्रभर झोपला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

गाठोड्यात सगळी तयारी होती. व्होडकाची बाटली, पाव, आणि उकडलेली मेंढीची चरबीदार शेपटी नि कलेजी. चरबी-कलेजीचा तो घास दोन्हीकडच्यांनी एकमेकांना भरवला की सोयरीक पक्की. एकदा गिळलं की माघार नाही. शेपटीचा एक कोपरा मात्र उकडायच्या आधीच कुणीतरी कापून नेला होता. मी कुत्र्याला झाडू हाणला होता.

"हँडब्रेक राहिला असेल," मिर्झा म्हणाला.

"राहिला असता तर दोन्ही मागची चाकं तापली असती. उजव्याला हात लाव बघू. थंड आहे ना? डावंच धरून बसलंय."

माझं अर्धं आयुष्य सोवखोजच्या, म्हणजे सरकारी शेतीच्या, गॅरेजात गेलंय. ट्रॅक्टर, ट्रक, संचालकाची व्होल्गा, सगळ्यांच्या पोटात माझे हात जाऊन आलेत, आणि हे मी कुणालाही दहा वेळा ऐकवते. चाक उचललं, फिरवून बघितलं. हलेना. मग ब्रेकचं ऑइल सोडायच्या निपलला पाना लावून तो सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली, चाक तरी जागचं हलेना.

"म्हणजे दाब पाइपात अडकलेला नाही," मी म्हणाले. "आत ब्रेकचा सिलिंडरच जाम आहे. तू इथं काही केलंस का?"

मिर्झा डोंगराकडे बघायला लागला.

"मिर्झा."

"सिलिंडरची रबरं बदलली. परवा. मागणी घालायला जाताना गाडीत एक तरी नवी वस्तू असावी, असं वाटलं."

"जुनी खराब होती?"

"नाही. चांगली होती."

ड्रम ठोकून ठोकून काढला. आतलं रबर फुगून टम्म झालेलं. बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं. वास घेतला, आणि मला कुत्र्याची मनापासून दया आली.

"मेल्या, शेपटीची चरबी चोळलीस?"

"नवी रबरं घट्ट जात होती. म्हटलं, शुभकार्याचीच चरबी आहे, बरकत येईल."

"आली की. चाकाची नि सिलिंडरची सोयरीक झाली. रबराला चरबी लागली की ते फुगतं, हे शेंबड्या पोरालाही..." पुढचं मी गिळलं, कारण शेंबडं पोर समोरच उभं होतं, आणि त्याचे डोळे भरले होते. "जुनी रबरं टाकलीस का?"

नाही टाकली. हा माणूस तुटलेलं बटणही टाकत नाही. खिशातून रुमाल निघाला, रुमालातून रबरं.

आता सिलिंडरमधली चरबी धुवायला स्पिरिट हवं होतं. मी गाठोड्याकडे बघितलं.

"जेंगे, ती सोयऱ्यांसाठी आहे."

"सोयरे नंतर घसा धुतील, आधी हे धुऊ."

अर्धी बाटली सिलिंडरमध्ये गेली, एक घोट माझ्यात. जुनी रबरं बसली, ड्रम नि चाक परत चढलं. आता ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची होती: एकानं पेडल दाबायचं, एकानं निपल सोडायचं. मी चाकाखाली डोकं घातलं, आणि तेवढ्यात पलीकडून एक पांढरी गाडी येऊन करकचून थांबली.

"आई, उतरू नकोस," कुणी पुरुष ओरडला. "आपल्याला उशीर होतोय."

"ही निळी मॉस्कविच मी ओळखते," बाईचा आवाज आला. "आणि हे पायही."

पाय माझे होते. मिर्झा पेडल सोडून खाली उतरला आणि टोपी सारखी करायला लागला, म्हणून मी खालूनच बोलले. "सैकाल, बरं झालं भेटलीस. आत बस आणि पेडल दाब. या माणसाच्या पायात जीव राहिलेला नाही."

ती खरंच बसली.

"दाब. धरून ठेव. सोड."

"अजून?"

"अजून. तुला मागणी घालायला निघालो होतो. दाब."

पेडल इतक्या जोरात दाबलं गेलं की ऑइल माझ्या भुवयांवर उडालं.

मी बाहेर आले. चाकाला बोटानं ढकललं तर ते गरगर फिरलं, आणि मला हसू आवरेना. मेलिसला मात्र हसू येत नव्हतं.

"मावशी, हे काय चाललंय? आईसाठी खोली रंगवलीय. गरम पाणी आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्टमधून दिसतं काय?" सैकालनं विचारलं.

"आई, या वयात लोक काय..."

त्याचं तोंड उघडंच होतं. सैकालनं आमचं गाठोडं सोडलं, चाकूनं चरबी-कलेजीचा जाडजूड घास कापला आणि त्याच्या तोंडात कोंबला. मेलिस थबकला. थुंकावं तर अन्नाचा अपमान, आणि तोही आईच्या हातच्या घासाचा. गिळावं तर सोयरीक पक्की. तो माझ्याकडे, आईकडे, मिर्झाकडे बघत राहिला. मग त्याचा कंठ एकदा वर गेला आणि खाली आला.

मी लगेच त्याच्यापुढे तोंड उघडलं. बिचाऱ्यानं मलाही भरवलं. पोर चांगल्या वळणाचं आहे.

मिर्झानं जॅक काढला आणि स्टिअरिंग गाठलं. सैकाल मॉस्कविचमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसली. तो नुसता स्टिअरिंग धरून बसला होता.

"चला," ती म्हणाली. "हँडब्रेक काढा आता."

गाडी घराकडे वळली आणि उतारावरून अशी सुटली की मला घ्यायचं राहूनच गेलं.