डोहावरची पाटी

डोहावर लाल पाटी लागली त्याला आज नववा दिवस होता, आणि ती हिनेवायने स्वतःच्या हाताने लावली होती.

प्रादेशिक परिषदेत तिचं कामच ते. उन्हाळाभर दर सोमवारी वायमोरी नदीवरच्या अकरा जागी जायचं, लांब दांड्याच्या टोकाला बाटली अडकवून पाणी भरायचं, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी येईल त्या आकड्याप्रमाणे पाटी फिरवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू थोडे असले तर हिरवी, फार असले तर लाल. अधलंमधलं असेल तर पिवळी; म्हणजे धडधाकटांनी खुशाल उतरावं, तान्ह्यांनी आणि म्हाताऱ्यांनी काठावर बसावं. लाल लागली की सोमवारची वाट न बघता रोज पाणी तपासायचं.

या डोहाचा आकडा मात्र नऊ दिवस खाली यायलाच तयार नव्हता. आणि येत्या शनिवारी तिच्या लेकीची, मायोहाची, पहिली डुबकी होती.

त्यांच्या घराण्यात मूल पहिल्या उन्हाळ्यात याच डोहात बुडवून काढायचं, सगळ्या नातलगांसमोर. हिनेवायला इथेच बुडवली होती, तिच्या बापालाही. मायोहा सात महिन्यांची. ऑकलंडहून दोन गाड्या भरून माणसं निघायची होती, ऑस्ट्रेलियातल्या चुलतभावाने तिकिटंही काढली होती.

"त्या लिंडसेच्या गाईंनी माझ्या नातीचं पाणी नासवलं," पारेआत्या रताळी सोलता सोलता म्हणाली. ती बापाची थोरली बहीण. डोहाच्या वरच्या अंगाला एकटीच राहायची. "तीनदा फोन केला मी तुमच्या तक्रारीच्या नंबरवर. तिसऱ्यांदा तर ती पोरगी म्हणते, बोला पारेआत्या, आज काय?"

"त्या तिन्ही तक्रारी माझ्याच टेबलावर आल्यात, आत्या."

"मग टेबलावर काय ऊब देत बसलीस त्यांना? जा की त्याच्याकडे!"

हिनेवाय जाऊन आली होती. लिंडसे आत्याच्याच शाळेतला, सत्तरीचा गडी, दीडशे दुभत्या गाईंचा धनी. त्याने तिला नदीकाठचं कुंपण टोकापासून टोकापर्यंत चालवत दाखवलं. आत लावलेली झुडपं आता तिच्या खांद्याला लागत होती. "माझ्या गाईंना नदीवर जायचं तर आता पासपोर्ट लागतो, पोरी," तो म्हणाला होता. "पारेला सांग. पण ती ऐकायची नाही. तिसरीत माझ्या डब्यातला केक उंदराने खाल्ला, तेव्हाही तिने मलाच खोटारडा ठरवलं होतं."

कुंपणात कुठेही फट नव्हती. म्हणून हिनेवायने डोहाचं पाणी जास्तीच्या तपासणीला पाठवलं. जंतू कुणाच्या पोटातून आले, हे त्यात कळतं. मंगळवारी संध्याकाळी अहवाल आला. गाय: नाही. माणूस: नाही. पक्षी: भरपूर.

पक्षी? रोज दहा वाजता ती डोहावर असायची. तिला तिथे फार तर दोन बदकं दिसली होती.

बुधवारी मायोहा पाचलाच जागी झाली. पोटभर दूध पिऊन, डोळे टक्क उघडे ठेवून आईकडे बघत बसली. तिचा नवरा एरू गाढ झोपला होता. हिनेवायने लेकीला छातीशी बांधलं आणि नदीच्या वाटेने निघाली. पोरीच्या टाळूला ताज्या पावासारखा वास यायचा; चालता चालता ती पुन्हा पुन्हा नाक खुपसत होती.

डोहाच्या वर, वळणाआड, आत्या उभी होती. अंगात झोपायचा झगा, पायात रबरी बूट, हातात गोणी.

"या गं या, बायांनो! ए जाडे, तू मागे हो, काल तुला मिळालंय. ह्या लंगडीला देऊ द्या आधी."

तिच्याभोवती पन्नासेक बदकं गोळा झाली होती. पाण्यावर, काठावर, बुटांवर. आणि काठ त्यांच्या विष्ठेने पांढरा झाला होता.

"आत्या!"

आत्या दचकली, मग हसली. "माझी मायोहा आली! बघ गं, बदकं बघ. बेकरीवाला उरलेला पाव देतो. टाकायचा कशाला?"

"रोज?"

"पाऊस असो, वारा असो, रोज. वाट बघतात गं बिचारी."

हिनेवाय ओल्या गवतावरच बसली. हसावं की रडावं कळेना. तिने अहवाल सांगितला, एकेक शब्द जपून.

"हॅट! बदकांचं ते केवढंसं!"

"पन्नास बदकांचं, आत्या. सकाळी खायचं नि दिवसभर इथेच. मग ते वाहून कुठे जातं?"

आत्याने वळणाकडे बघितलं. वळणाच्या खाली डोह होता. गोणीचं तोंड तिने हळूच आवळलं.

"अहवालात माझं नाव आहे?"

"नाही गं. नुसतं पक्षी म्हटलंय."

"लिंडसेला कळलं?"

"अजून नाही."

"मग मीच सांगते. तुझ्या तोंडून ऐकलं तर मेला वर्षभर गालातल्या गालात हसेल."

त्याच दुपारी ती तळलेल्या पावाची टोपली घेऊन लिंडसेच्या दारात गेली. काय बोलणं झालं ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. पण गुरुवारपासून बेकरीची गोणी लिंडसेच्या दोन डुकरांकडे जाऊ लागली, आणि ती न्यायला आत्याच. शुक्रवारपर्यंत तिने डुकरांची नावंही ठेवली होती. बदकांनी दोन सकाळी वाट बघितली, मग निम्मी खालच्या पाणथळीकडे उडून गेली.

शनिवारी सकाळी आकडा आला तीनशे दहा. पिवळी.

माणसं तोवर पोचली होती. तापल्या दगडांवर खड्ड्यात पुरून शिजवलेलं मटण आणि रताळी वाफाळत होती, पोरं पुलाच्या कठड्यावरून अंगाचा गोळा करून पाण्यात धपाधप उड्या मारत होती. ऑस्ट्रेलियाचा चुलतभाऊ, टामा, हिनेवायच्या कानाशी आला.

"एकच डुबकी गं. तीन सेकंद. कोण बघतंय? आणि पाटी तर तुझीच!"

हिनेवायने मायोहाला घट्ट धरलं. तिलाही तेच वाटत होतं, हीच तर पंचाईत. इतक्या लांबून आलेली माणसं, निळंशार दिसणारं पाणी. तीन सेकंद.

"पाटी पिवळी आहे," मागून आवाज आला. आत्या उभी होती, हातात कालथा. "पिवळी म्हणजे तान्ही पोरं काठावर. तुला वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते, टामा. नि म्हातारी माणसंही काठावर. म्हणजे मीसुद्धा. सरक, खुर्ची आण."

टामाने खुर्ची आणली. मायोहा दिवसभर मांड्यांमांड्यांवरून फिरली आणि शेवटी एका आजोबांच्या मांडीवर, त्यांच्या टोपीत लाळ गाळत झोपून गेली. रविवारी गाड्या परतल्या.

मंगळवारी आकडा आला पंचाण्णव. हिनेवायने पाटी हिरवी फिरवली आणि दोन फोन केले.

जेवणाच्या सुट्टीत डोहावर एरू होता, आत्या होती, आणि टोपी हातात धरून जरा लांब उभा असलेला लिंडसे. आत्यानेच त्याला आणलं होतं. "लांब काय उभा राहतोस, कुंपण नाहीये मध्ये," ती म्हणाली, तेव्हा तो चार पावलं पुढे आला.

कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी उतरलेल्या आत्यासमोर, हिनेवायने लेकीला दोन्ही हातांवर घेतलं आणि बुडवून काढलं. मायोहाने श्वास रोखला. इवलंसं तोंड वासलं, आता भोकाड पसरणार असं वाटलं. आणि तिने पसरल्या तळव्याने पाण्यावर फटका मारला. पाणी थेट आत्याच्या तोंडावर उडालं.

"बापावर गेलीय," आत्या तोंड पुसत म्हणाली आणि वाकून आणखी जवळ गेली.

घड्याळात दीड वाजला होता. अजून दोन जागच्या पाट्या फिरवायच्या बाकी होत्या. हिनेवायने लेकीला कोरडं करून एरूच्या हातात दिलं, तिच्या ओल्या टाळूचा एकदा वास घेतला आणि निथळत्या पँटीतच गाडी चालू केली.