भरवण्याचं व्रत

हुमा मॅडमनी मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज आमच्या यांच्या डोक्याला लावले, वरून रबरी पट्टा आवळला आणि यंत्र चालू केलं.

"मुंग्या आल्यासारखं वाटेल, बाबा. घाबरू नका."

"मुंग्या त हातले बी येतस," हे म्हणाले. "हात काही उठस नही."

हे म्हणजे माझे यजमान, हिंमतराव. ब्राह्मणपुरीला आमची पपईची बाग आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची शिंगं रंगवताना यांच्या हातातून ब्रश गळाला, तो उचलायला वाकले ते तिथेच कोसळले. उजवं अंग गेलं होतं. पाय हळूहळू आला, काठीने चालतात. जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली. हात मात्र खांद्यापासून लोंबतोय. गावात कुणाकडेही लग्न असलं की वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरणारा हा माणूस, आता कुणाच्या मांडवात जायलाच तयार नाही.

म्हणून आम्ही शहाद्याच्या या दवाखान्यात येतो. डोक्याला सौम्य करंट देतात. तो चालू असताना आणि नंतरही हुमा मॅडम हाताला काम लावतात. शेंगा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायच्या, दोरीला चिमटे लावायचे, सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केलेल्या दांड्याचा चमचा धरायचा. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काहींना फायदा होतो, काहींना नाही. काही दिवसांनी हात तपासू, फरक नसेल तर थांबवू.

"हाई पोरेसना खेय शे," शेंगांची वाटी डाव्या हाताने सरकवत हे म्हणाले.

"डावा नाही, बाबा. उजवा."

"उजवा सुटीवर शे."

हुमा मॅडम हसल्या. त्यांच्या वडिलांचं नंदुरबारला बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे शेतकऱ्याशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक. "बाबा, या यंत्राने नुसता वाफसा येतो. पेरायचं तुम्हालाच. वाफसा आला आणि शेतकरी ओट्यावर बसून राहिला, तर यंत्राने काय करायचं?" मग माझ्याकडे वळल्या. "काकू, सोमवारी डॉक्टर तपासणार आहेत. मला फरक दिसत नाहीये. घरी जेवताना उजवा हात वापरतात ना?"

"घरी त्यांना काहीच त्रास होऊ देत नाही मी," मी म्हणाले. "दोन्ही वेळा मीच भरवते."

त्यांनी चिमट्यांचा डबा खाली ठेवला. "दोन्ही वेळा?"

मग मला सगळं सांगावं लागलं. हे दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात मी प्रकाशा तीर्थाला गेले. तापीच्या पाण्यात उभी राहिले, ओंजळ भरली आणि बोलले, यांचा हात उठेपर्यंत मी माझ्या हाताने यांना भरवीन, मगच माझ्या तोंडात घास घालीन. तेव्हापासून एकही वेळ चुकलेली नाही. पहाटेची अंघोळ, तुळशीला पाणी, दिवा, पोथीचा अध्याय हे माझे नियम आधीपासूनचेच. त्यात हा एक वाढला.

"तिन्हं व्रत शे," हे पट्ट्याखालून म्हणाले. "आते मी काय करू?" चेहरा अगदी गरीब केला होता.

हुमा मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. "काकू, मी रोजे धरते. शब्द दिल्यावर काय असतं ते मला कळतं. मोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण इथे मी तासभर हाताला शिकवते आणि घरी त्याला दिवसभर काहीच काम नसतं. दोन वेळचं जेवण हेच त्याचं काम होतं. ते तुमच्याकडे गेलंय."

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. हे खुशीत होते. "ती पोर काय तापीमाईपेक्षा मोठी शे? शेंगा मोजाडस माले!"

मला मोठ्याने बोलता येत नाही, माहेरीही नाही आणि इथेही नाही. पण आतून नुसती जळत होते. राग यांचा होता, हुमा मॅडमचा होता, आणि सांगायला जीभ चाचरते, देवाचाही होता. एवढ्या श्रद्धेने धरलेलं, तेच आडवं यावं?

घरी सासूबाई, तुळशीबाई, खाटेवर बसल्या होत्या. यांनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं.

"मंग?" सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "तापीमाईना पानीम्हा उभी ऱ्हाईसन शब्द दिधा ना तू? मशीनवाली सांगस म्हनीसन फिरशी? सगळा गाव सांगस, भरतनी मायसारखी बायको भेटाले पुण्य लागस."

भरत आमचा मुलगा, सुरतला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तुला पटेल ते कर." म्हणजे ठरवायचं मलाच होतं. संध्याकाळी दिव्यापुढे बसले. पोथी उघडली, पण एकाच ओवीवर नजर फिरत राहिली. माझ्याविषयी गाव काय म्हणतं ते मला गोड लागत होतं की काय, असा विचार मनात आला आणि मी पोथी मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिचडी केली, वर तेल घातलं. ताट यांच्या उजव्या हाताशी ठेवलं, त्यात ट्यूब गुंडाळलेला चमचा. आणि समोर बसले.

हे तोंड उघडून थांबले. घरट्यातल्या पिल्लासारखे. मग तोंड मिटलं. "काय झाये?"

"आज मी भरवणार नाही."

"व्रत?"

"माझं मी बघेन."

"मंग मी बी जेवस नही."

"बरं. तुम्ही जेवल्याशिवाय मीही जेवणार नाही. तेवढा शब्द अजून माझ्याकडे आहे."

खिचडीवरची वाफ गेली. मग तेल गोठल्यासारखं दिसायला लागलं. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. हे छताकडे बघत बसले, मी यांच्याकडे. मधेच एकदा म्हणाले, "भरतनी माय, तू बदलनी." मी म्हटलं, "हो."

शेवटी सासूबाई खाटेवरून उतरल्या, कमरेवर हात ठेवत आल्या आणि ताटाशी बसल्या. "सरक. मन्हा पोऱ्याले मी भरवस." त्यांनी घास उचलला.

मी त्यांचं मनगट धरलं.

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढे मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्यांचं मनगट किती बारीक झालंय ते मला तेव्हा कळलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, घासातली शितं खाली पडत होती.

"मायना हात सोड!" हे ओरडले.

"सोडते. तुम्ही चमचा धरा."

"सोड सांगं ना!"

"चमचा."

यांनी अशी शिवी हासडली की मी इथे लिहू शकत नाही. पण खांदा वर आला. लोंबणारा हात ताटाच्या काठावर आपटला, बोटं चमच्यावर पडली आणि वळलीच नाहीत. चमचा निसटला. पुन्हा. तिसऱ्यांदा बोटं अर्धवट मिटली, थोडी खिचडी चमच्यावर आली आणि वाटेतच धोतरावर सांडली. मग यांनी पळवाट काढली, हात तिथेच ठेवून तोंड ताटाकडे नेऊ लागले.

मी सासूबाईंना सोडलं आणि तळहात यांच्या कपाळावर ठेवून डोकं मागे ढकललं. "डोकं नाही. हात."

"बैल शे का मी?"

"हात आणा."

कपाळ घामाने ओलं झालं होतं. माझ्या तळहाताखाली शीर उडत होती. कोपर थरथरत वर आलं, थांबलं, पुन्हा थोडं आलं. निम्मी खिचडी मिशीत गेली. दोन-चार शितं जिभेला लागली असतील. त्यांनी ती चावलीसुद्धा, रागाने, जणू कुणाचं तरी बोट चावत होते.

सासूबाई पदराने तोंड झाकून आत निघून गेल्या. रडत होत्या की चिडल्या होत्या, मी बघायला गेले नाही.

"आते खाय तू," हे म्हणाले. "उपाशी मरशी आनि पाप माले लावशी."

मी थंड खिचडी खाल्ली. व्रत मोडलं ते मोडलंच. तापीमाईला सांगायला जाईन. माफी मागेन की भांडेन, ते अजून ठरलेलं नाही. सोमवारी डॉक्टर ही चार शितं मोजतील की नाही, तेही ठाऊक नाही. ताटाभोवती सांडलेलं मी गोळा केलं. निम्म्याहून जास्त तर खालीच होतं.

"पानी," हे म्हणाले.

लोटा यांच्या डाव्या बाजूला होता. मी तो उचलला, अर्धा रिकामा केला आणि उजव्या हाताशी नेऊन ठेवला.

यांनी आधी लोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसरी शिवीही दिली. मग खांदा उचलला.