राहिलेली परीक्षणं

बायको गेल्याला तेवीस दिवस झाले, तेव्हा कुठे त्रैमासिकाच्या कचेरीला ते कळलं. तेही संपादकांनी चिडून फोन केला म्हणून. तिचा मोबाइल तो अजून चार्ज करून ठेवत असे.

"बाई, अंक छपाईला जायची वेळ झाली. परीक्षणं कुठे आहेत? तीन मेल टाकले मी!"

"ती नाही," तो म्हणाला.

"मग आल्या की फोन करायला सांगा."

"ती गेली, साहेब. तेवीस दिवस झाले."

कचेरीला कळवलं नव्हतं, ही चूक त्याचीच होती. त्यानं तिच्या भावाला कळवलं होतं, ग्रंथालयाला कळवलं होतं, दातांच्या डॉक्टरलासुद्धा फोन करून तिची वेळ रद्द केली होती. त्रैमासिक तेवढं राहिलं. ते तिचं माहेरच होतं म्हणा ना, पण तिथं कळवायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

तो नळदुरुस्तीची कामं करायचा. ती इंग्रजी आणि त्या भाषेच्या जर्मनिक कुळातल्या सगळ्या बहिणींच्या भाषा-साहित्यावरच्या त्या त्रैमासिकात पुस्तक-परीक्षणांचा विभाग सांभाळायची, एकोणीस वर्षं. लग्नानंतर तिनं त्याला समजावलं होतं, की इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या एका आजीच्या नाती. "मग एकमेकींशी बोलत का नाहीत?" असं त्यानं विचारलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "सख्ख्या नात्यात असंच असतं."

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. दोन खोल्या, पुठ्ठ्याची खोकी, खिडकीत वाळलेलं रोप. संपादकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खाली बघत म्हणाले, "या अंकात परीक्षणं नसतील. दोनच आली आहेत. खरं सांगायचं तर पुढेही हा विभाग चालेलसं वाटत नाही. हे काम करायला कोणी तयार होत नाही हल्ली."

"बाकीची का नाही आली?"

"लोक पुस्तक नेतात आणि लिहीत नाहीत. पुस्तक त्यांचंच होतं ना, तीच त्यांची बिदागी. बाई मागे लागायच्या म्हणून यायची."

तिच्या विभागाची पानं कोरी जाणार, हे त्याला पटेना. माणूस गेलं ते गेलं, पण त्याचं काम अर्ध्यावर टाकून पाणी बंद करायचं, ही काय रीत झाली?

"किती दिवस देता?"

"तीन आठवडे. त्याच्यापुढे एक दिवस नाही."

घरी तिच्या टेबलावर यादी सापडली. अकरा पुस्तकं, कोणाला दिलं, कधी दिलं. त्यानं परीक्षण आलेल्या दोघांवर रेघ मारली, हत्यारांची पिशवी नेहमीच्या सवयीनं खांद्याला लावली आणि निघाला.

पहिला गाठला तो एक तरुण व्याख्याता. इंग्रजी लोकगीतांवरचं जाडजूड पुस्तक त्याच्या टेबलावर होतं, वर चहाचा कप.

"झालंच आहे हो काका. फक्त शेवटचा हात फिरवायचाय."

"दाखवा."

"म्हणजे... डोक्यात आहे."

"डोकं मला पिशवीतून नेता येत नाही. कागदावर उतरवा. मी बसतो."

तो खरंच बसला. लोकांच्या घरी बसून राहायची त्याला चाळीस वर्षांची सवय होती. व्याख्यात्यानं दोनदा वर बघितलं, एकदा घसा साफ केला, आणि मग त्याची बोटं चालू झाली. संध्याकाळपर्यंत तीन पानं झाली. जाताना तोच म्हणाला, "काका, बरं वाटलं. सात महिने मानगुटीवर बसलं होतं."

आठवड्यात चार परीक्षणं आली. लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही म्हणे प्राध्यापकांच्या दारात धरणं धरता?"

"दारात कशाला? आत बसतो. चहा देतात."

"आई असती तर हसली असती."

"हसली असती आणि मग म्हणाली असती, त्या स्वीडिशवाल्याला सोडू नका, तो लबाड आहे."

लेक फोनवर हसली आणि मग रडली. तोही जरासा रडला. मग स्वीडिशवाल्याकडे गेला.

तिसऱ्या आठवड्यात एकच दार उरलं होतं, निवृत्त प्राध्यापिकाबाईंचं. वय ऐंशीच्या पुढे, जीभ मात्र तिशीतली. त्यांच्याकडे डच व्याकरणाचं पुस्तक होतं.

"त्या नळाच्या टिपटिपीत काय लिहू मी? कपाळ?"

त्यानं नळ खोलला, वॉशर बदलला. बाईंनी कान देऊन ऐकलं. मग टेबलाशी बसल्या आणि हातानं भराभर लिहू लागल्या.

"तुमच्या बायकोनं माझं एक वाक्य पाचदा परत पाठवलं होतं," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "मी तिची शिक्षिका! पाचव्यांदा माझ्या लक्षात आलं, की तिचंच बरोबर."

"सामानाच्या चिठ्ठीवरही खुणा करायची," तो म्हणाला. "भाजीच्या आधी साबण का, म्हणून."

बाईंनी कागद दिले. यादीवर एकच ओळ राहिली. पुस्तकापुढे लिहिलं होतं, 'मी'. ते पुस्तक त्याला पलंगाच्या तिच्या बाजूला सापडलं होतं. ती बाजू त्यानं कालपर्यंत आवरलीच नव्हती. त्यानं ते पिशवीतून काढून बाईंपुढे ठेवलं. जर्मनमध्ये लिहिलेलं, जुन्या आइसलँडच्या गोष्टींवरचं. समासात तिच्या पेन्सिलीच्या टिपा होत्या, आणि त्या आपल्या भाषेत, म्हणून त्यानं सगळ्या वाचल्या होत्या. 'इथे घाई केली.' 'हे छान.' 'पुरावा?' आणि एके ठिकाणी, 'हे ह्यांना सांगायचं.'

"एवढं वाचून दाखवा," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा सारखा केला. "एका गोष्टीतल्या शेतकऱ्याबद्दल आहे. डोंगरातल्या गरम झऱ्याचं पाणी त्यानं दगडी पन्हळीतून थेट अंगणात आणलं. शेजारी बघायला येत, असं लिहिलंय."

तो पुढे झुकला. "उतार किती दिला होता?"

"ते नाही दिलेलं."

"वर झाकण होतं की उघडी? उघडी असेल तर अंगणात येईपर्यंत पाणी थंडगार!"

"तेही नाही."

"मग लेखकाला गोष्टी कळतात, नळकाम कळत नाही."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तोही हसला, घर रिकामं झाल्यापासून पहिल्यांदा असा पोट धरून. तिनं हे कसं सांगितलं असतं, ते त्याला दिसत होतं. रात्रीच्या जेवणाला बसताना, हातात पोळी तशीच, "अहो, ऐका ना."

"तुम्हीच लिहा ना हे परीक्षण," तो मग म्हणाला.

"मी लिहिलं तर माझं होईल. तिच्या टिपा एकशे चाळीस पानांपर्यंत आहेत. पुढचं तिला कसं वाटलं असतं, ते मी कुठून आणू?"

त्यानं हट्ट केला नाही. ते त्याला समजलं.

दहा परीक्षणं मुदतीच्या एक दिवस आधी कचेरीत पोचली. संपादकांनी दोनदा मोजली. विभागाच्या डोक्यावर तिचं नाव या अंकापुरतं तसंच ठेवलं, आणि पुढच्या अंकापासून विभाग बघायला तो व्याख्याता तयार झाला. "पण काका, लोकांनी ऐकलं नाही तर तुम्ही यायचं," ही अट घालून. त्यानं अट लगेच मान्य केली.

अंक छापून आला. त्यानं एक प्रत लेकीला पाठवली आणि एक टेबलावर ठेवली. आइसलँडच्या पुस्तकाचं परीक्षण त्यात नाही. ते लिहायचं राहिलं आहे.